वंदनेतला खोकला

बोरखडीच्या बुद्धविहारात वंदना म्हणताना मध्ये एकदा खोकतात. आजारी माणसंच नव्हे. धडधाकट बाया, नुकती मिसरूड फुटलेली पोरं, बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी, सगळे. बुद्धवंदनेची तिसरी ओळ संपली की विहार क्षणभर थांबतं, पुढे बसलेले नागोराव घशातून एक सुबक खोकला काढतात, मागून शंभरेक घसे त्यांना दुजोरा देतात आणि चौथी ओळ सुरू होते. मारेगाव तालुक्यात दुसरीकडे कुठे असं करत नाहीत. बहुधा जगातही करत नसावेत. पण बोरखडीच्या माणसाला हे कळायला आधी बोरखडीबाहेर जावं लागतं.

नागोरावांची लेक ममता लग्न होऊन ढाणकीला गेली. सासरच्या विहारात पहिल्याच रविवारी तिसऱ्या ओळीनंतर ती मोठ्या श्रद्धेने खोकली. एकटीच. संध्याकाळी सासूने आल्याचा काढा करून दिला. पुढच्या रविवारी ती पुन्हा खोकली तेव्हा सासरा म्हणाला, "पोरीचा एक्स-रे काढून घेऊ." ममताने घाबरून बापाला फोन लावला.

"बाबा, आपल्याकडचं चुकीचं हाये काय?"

"आपल्याकडचं बराबर हाये," नागोराव म्हणाले. "त्यायचं अर्धवट हाये."

खरं काय ते नागोरावांना पक्कं ठाऊक होतं. हा खोकला त्यांच्या वडिलांचा, डोमाजींचा. डोमाजी वणीच्या एका जिनिंगमध्ये कापूस ओढायचे. दिवसभर नाकातोंडात रुई जायची आणि छातीत मुक्कामाला राहायची. छप्पन्न साली ते नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत वंदना अक्षर न अक्षर पाठ करून बसले. विहार तेव्हा नव्हतं. संध्याकाळी कामावरून आले की हातपाय धुऊन निंबाखाली बसायचे आणि वस्तीतल्या पोरांना शिकवायचे. छातीत दम होता तीन ओळींपुरता. तिसरी ओळ संपली की खोकल्याची उबळ यायची. आधी तीन आखूड, मग एक लांब, आणि शेवटी शिट्टीसारखा बारीक ओढलेला श्वास. मग चौथी ओळ. पोरं समोर मांडी घालून बसलेली असत. पाली भाषा त्यांना कळत नव्हती, तेव्हा त्यातली वंदना कोणती आणि दमा कोणता, हे त्यांना कोण सांगणार? पोरांनी सगळंच पाठ केलं. गुरूचं काही वगळू नये एवढी शिस्त त्या काळी होती.

डोमाजी गेले चौऱ्याऐंशी साली. मागे जमीन नव्हती. फोटोही नव्हता. एकदा हौसेने फोटो काढायला म्हणून वणीला गेले तर फोटोवाल्याचं दुकान बंद होतं, आणि पुन्हा जाणं काही झालं नाही. त्यांच्या पुण्यानुमोदनाला सारी वस्ती जमली, वंदना सुरू झाली, तिसरी ओळ संपली आणि सगळे थांबले. थांबलेच. पुढची ओळ कुणाच्या तोंडून फुटेना. जो खोकायचा तोच नव्हता. तेव्हा सव्वीस वर्षांच्या नागोरावांनी, रडू आवरता आवरता, खोकून दिलं. लोकांनी चौथी ओळ उचलली, आणि त्या दिवसापासून विहारातली पुढची जागा नागोरावांची झाली.

नागोराव एसटीत कंडक्टर होते. चौतीस वर्षं वणी डेपोत काढली. विहारातही त्यांचा खाक्या तोच. "पुढं सरका, पुढं सरका, मांगून लोक येऊन राह्यले," असं म्हणत ते बायांना आणि पोरांना सारखे पुढे सारत. अगरबत्ती कुणी लावायची, मेणबत्ती कुठे ठेवायची, चपला कशा काढायच्या, सगळ्याचे नियम त्यांच्याजवळ. चाळीस वर्षांत त्यांनी खोकलाही सुधारून घेतला. डोमाजींचे तीन आखूड नि एक लांब त्यांना जरा गबाळं वाटत असावं. त्यांनी काटछाट करून दोन आखूड ठेवले, गाडी सोडताना कंडक्टर दोनदा घंटी मारतो तसे. ऐकायला छान वाटायचे. गावात बदलून आलेल्या एका गुरुजींनी एकदा त्या थांबण्याचा अर्थ सांगितला: शब्द आणि शब्द यांच्यामध्ये जे मौन असतं, तिथे साधकाने क्षणभर विसावायचं. नागोराव गंभीरपणे मान हलवत राहिले. दम्याचं नाव त्यांनी काढलं नाही. त्यानंतर खोकण्याआधी ते डोळे मिटू लागले.

या सगळ्याला एकच माणूस भुलत नव्हता, तो म्हणजे त्यांची बायको. सत्यशीलाबाई झरी जामणीकडच्या. त्यांच्या माहेरी वंदना सरळ म्हणत. लग्न होऊन आल्या त्या पहिल्या वर्षापासून त्या तिसऱ्या ओळीनंतर ओठ घट्ट मिटून बसत. शेजारपाजारच्या बाया खोकत, या समोरच्या भिंतीकडे बघत. पंचेचाळीस वर्षांत एकदाही खोकल्या नाहीत. माहेरचा ताठा, असं लोक म्हणायचे. नागोरावही तसंच समजायचे. कारण विचारायची तसदी त्यांनी कधी घेतली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ती कोण घेतो?

तर असं सुरळीत चाललेलं असताना धम्मरत्न श्रामणेर शिबिराला जाऊन आला.

धम्मरत्न नागोरावांच्या धाकट्या भावाचा नातू, म्हणजे डोमाजींचा पणतू. मारेगावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो. मुलगा सालस. दहा दिवस मुंडण करून, चीवर नेसून राहिला आणि वंदना शुद्ध कशी म्हणायची ते शिकून आला. येताना त्याने सोबत एक अस्वस्थता आणली. शिबिरात पहिल्या सकाळी चारशे जणांत तो एकटाच खोकला होता.

त्यातच विहाराचं नवं बांधकाम पुरं झालं. वैशाख पौर्णिमेला नव्या मूर्तीची स्थापना, नागपूरहून भन्ते येणार, आणि सगळा कार्यक्रम मोबाईलवरून थेट दाखवणार असं ठरलं. विहार समितीचे अध्यक्ष इंद्रजित यांनी बैठक बोलावली.

"काका, राग नोका येऊ देऊ," इंद्रजित नागोरावांना म्हणाले. "पन व्हिडिओ जगभर जाईन. पाहनारे म्हनतीन, या गावात काही साथ हाये काय?"

"साठ-पासष्ट वर्षांपासून हाये," नागोराव म्हणाले. "कोनी मेलं काय?"

"तसं नाई आबाजी," धम्मरत्न हळूच बोलला. "खोकला वंदनेत नाईच हाये. कुठल्याच पुस्तकात नाई. तुमीच म्हनता ना, एक अक्षर मांगंपुढं होऊ नये म्हनून?"

हे मात्र नागोरावांना वर्मी लागलं, कारण ते खरोखरच तसं म्हणत. चुकीच्या उच्चारासाठी त्यांनी किती पोरांना विहाराबाहेर उभं केलं होतं.

"बरं," इंद्रजित म्हणाले, "तुमीच पुढं बसा. फक्त खोकू नोका. आता एकदा म्हनून दाखवा."

नागोरावांनी ताठ बसून सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. मग श्वास थांबला. घसा खोकल्यासाठी वर आला. त्यांनी तो दाबला. आणि चौथी ओळ आठवेना. चाळीस वर्षं ज्या ओळीवरून त्यांनी सबंध गाव पलीकडे नेलं, ती ओळ डोक्यातून साफ गेली होती. पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं. पुन्हा तिथेच अडकले. तिसऱ्यांदा नकळत खोकले, तेव्हा चौथी ओळ सुरळीत बाहेर आली. बैठकीत कुणी हसलं नाही, हेच त्यांना जास्त झोंबलं.

आठवडाभर घरी सराव चालला. ओट्यावर बसून नागोराव तीन ओळी म्हणत आणि गप्प होत. सत्यशीलाबाई तांदूळ निवडता निवडता बघत.

"किक मारल्याशिवाय चालू होत नाई गाडी," त्या म्हणाल्या.

"हास तू, हास. तुह्या मनासारखं होऊन राह्यलं ना? पयल्यापासून तुले नाईच पटला थो खोकला."

"नाई पटला." सत्यशीलाबाईंनी सूप खाली ठेवलं. "तुमी ड्युटीवर राहात जा. रातभर मी बसो मामंजीजवळ. अडुळशाचा रस देऊ, पाठ चोळू. थो मानूस बाज धरून खोके, डोये पांढरे होत. म्हने, पोरी, आता नाई वाचत. आन सकाळी विहारात पाहा तं तुमी सारे मजेनं खोकून राह्यले. त्याचा जीव जाये आन तुमी त्याचं गानं केलं. मी कायले खोकू?"

पंचेचाळीस वर्षं ते ज्याला माहेरचा ताठा समजत होते ते भलतंच निघालं. ते उठून मागल्या अंगणात गेले आणि बराच वेळ उगाच बादलीतलं पाणी झाडाला घालत राहिले. बायको म्हणते ते खरं आहे हे त्यांना पटलं, आणि तरीही खोकला जाणार याचं दुःख काही कमी होईना. बापाचा चेहरा हल्ली त्यांना नीट आठवत नव्हता. पौर्णिमेला खोकला गेला की बापाचं म्हणून या जगात काहीच उरणार नव्हतं. एवढं साधं होतं ते, पण बैठकीत बोलता येण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून धम्मरत्नच्या दुकानात गेले.

"तू बस पुढं," ते म्हणाले. "मी मांगं बसतो, चपलांपाशी. तोंड उघडनार नाई. शब्द हाये माहा."

धम्मरत्न पाया पडायला वाकला. नागोराव म्हणाले, "राहू दे, तुह्यं गिऱ्हाईक थांबलं."

पौर्णिमेला ऊन असं होतं की मंडपाच्या कनाती शिजून निघत होत्या. दोनशेच्या वर माणसं. पांढरी लुगडी, पांढरे सदरे. ढाणकीहून ममता आली होती. भन्ते आसनावर बसले. इंद्रजितांनी मोबाईल एका काठीला बांधून समोर उभा केला आणि स्वतः त्याच्या टप्प्यात येतील असे बसले. धम्मरत्नच्या हाती माईक, त्याच्या मागे आठ दिवस तालीम केलेली वीस पोरंपोरी. नागोराव सगळ्यांत मागे, चपलांच्या ढिगाशेजारी, ओठ मिटून बसले.

वंदना सुरू झाली आणि नागोरावांना चाळीस वर्षांत पहिल्यांदा गावाचा आवाज ऐकू आला. आजवर ते पुढे असायचे; पाठीमागे एक गलका असायचा एवढंच त्यांना माहीत. आता कळलं की म्हाताऱ्या नंदाबाई प्रत्येक ओळीत दोन शब्द मागे असतात. ओळ सगळ्यांची संपते, मग नंदाबाईंची संपते. त्यांच्या बाजूच्या बाया त्यांच्यासाठी शेवटचं अक्षर जरा लांबवून धरतात. सगळे चढल्याशिवाय डबल बेल मारायची नाही, हे तत्त्व नागोरावांनी चौतीस वर्षं डेपोत पाळलं. विहारात ते त्या बाया पाळत होत्या आणि याचा त्यांना पत्ताच नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि बरंही वाटलं.

तिसरी ओळ संपली.

गाव थांबलं. म्हाताऱ्या थांबल्या, माणसं थांबली, ममता थांबली. तालमीतली पोरं चौथ्या ओळीचे दोन शब्द बोलली आणि मागून साथ येत नाही म्हटल्यावर विझली. धम्मरत्न एकटा माईकवर पुढे गेला, पण लहानपण त्याचंही याच विहारात गेलं होतं. अर्ध्या ओळीत त्याचीही जीभ अडखळली. मग दोनशे माणसांत कुणीच बोलेना. पंखा फिरत होता तेवढाच आवाज. कुणी वळून पाहिलं नाही, पण समोरच्या सगळ्या पाठी आपल्यालाच ऐकताहेत हे नागोरावांना कळत होतं. चौऱ्याऐंशी सालच्या त्या दिवसासारखं. घसा खवखवत होता. दोन ठोके दिले की गाडी सुटली असती. पण शब्द दिलेला. त्यांनी गळ्यातल्या पंच्याचा बोळा करून तोंडात धरला आणि डोळ्यांत पाणी आलं तरी सोडला नाही.

तेवढ्यात बायांच्या बाजूने खोकला आला.

तीन आखूड. मग एक लांब, छातीच्या तळातून खरवडत आलेला. आणि शेवटी शिट्टीसारखा बारीक ओढलेला श्वास.

नागोराव दचकून अर्धवट उठले. हा खोकला त्यांचा नव्हता. हा गावाचाही नव्हता. एक्केचाळीस वर्षांत तो कुणी ऐकला नव्हता. बाजेची कड घट्ट धरलेला हात, वर आलेली गळ्याची हाडं, कपाळावरची टरारलेली शीर, बापाचा विसरलेला चेहरा अख्खाच्या अख्खा त्यांच्यासमोर आला. बायांच्या दुसऱ्या ओळीत सत्यशीलाबाई पदराने तोंड पुसत होत्या आणि समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. गावाने चौथी ओळ उचलली ती अशी की माईकची गरज उरली नाही. नागोरावांनीही उचलली. तोंड न उघडण्याचा शब्द खोकल्यापुरता होता, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

वंदना झाल्यावर भन्ते बोलले. ते म्हणाले, मी पुष्कळ विहारं पाहिली, पण वंदनेच्या मध्ये एवढी माणसं एकदम श्वासापाशी थांबली, असं कुठे पाहिलं नाही. हे ऐकताच इंद्रजितांनी उठून माईक घेतला आणि जाहीर केलं की ही आपल्या गावाची प्राचीन परंपरा असून विहार समितीने ती प्रयत्नपूर्वक जपली आहे. चार दिवसांत भिंतीवर 'येथे क्षणभर श्वासाकडे लक्ष द्यावे' असं निळ्या रंगात रंगवूनही झालं. व्हिडिओखाली पुण्याच्या कुणीतरी लिहिलं होतं, 'मध्येच आवाज कट झाला होता का?'

पुढच्या शनिवारी धम्मरत्न घरी आला. "आबाजी, उद्या तुमीच बसा पुढं," तो म्हणाला. "माह्याच्यानं त्या जागेवरून पुढं जाता नाई येत."

तो गेल्यावर नागोराव चुलीपाशी जाऊन बसले. आठवडाभर त्यांना बायकोला काहीतरी विचारायचं होतं.

"तुह्या इतका ध्यानात होता काय थो?"

"रातभर आयकला हाये. विसरीन कशी?"

"मग त्या दिवशी काहून खोकली? तुले तं पटत नाई."

सत्यशीलाबाईंनी भाकर उलटली. "तुमी पंचा खाऊन राह्यलते. पाहवलं नाई."

नागोरावांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग, नवं पातळ मागायला आलेल्या बाईसारखे संकोचत म्हणाले, "उद्या पुन्हा खोकशील?"

"मी काय टेप हावो?" सत्यशीलाबाई म्हणाल्या. मग तव्यावरची भाकर काढून ठेवली आणि म्हणाल्या, "आधी लोकायले सांगा थो कोनाचा खोकला हाये ते. कायचा होता ते. मग पाहू."

रविवारी नागोराव पुढे बसले. वंदना सुरू करण्याआधी उभे राहिले. भिंतीवरच्या निळ्या अक्षरांकडे एकदा बघून म्हणाले, "हे इथं जे लिहिलं हाये ते राहू द्या. रंगाचे पैसे गेले. पन हे ध्यानबिन काही नाई. माहा बाप जिनिंगमंदी होता. छातीत रुई गेलती त्याच्या. तीन ओळीच म्हनता ये त्याले, मग उबळ ये. तुमच्या माय-बापायले त्यानंच वंदना शिकवली. त्याचा फोटो नाई आपल्याकडं." एवढं बोलून ते खाली बसले. इंद्रजित खाली मान घालून मोबाईल बघत होते. धम्मरत्न मात्र उठला आणि उच्चार चुकलेल्या पोरासारखा मागच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.

नागोरावांनी बायांच्या बाजूला पाहिलं. सत्यशीलाबाई नेहमीच्या जागी, दुसऱ्या ओळीत.

"पुढं सरक," ते म्हणाले.

त्या सरकल्या. वंदना सुरू झाली. नंदाबाईंसाठी ओळीचं शेवटचं अक्षर या खेपेला नागोरावांनीही लांबवून धरलं. तिसरी ओळ संपली आणि गाव थांबलं. नागोरावांनी आपले दोन ठोके दिले नाहीत. सत्यशीलाबाईंनी आधी पदर सावरला, भिंतीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

मग डोमाजी खोकले.